कळवतो म्हणाले

त्या वर्षी कपाशी बोंडं धरायच्या आधीच करपली आणि सूतगिरणीला कापूस मिळेनासा झाला. आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, आणि एका सकाळी भोंगाच वाजला नाही.

फिटर त्या दिवशीही वेळेवर उठला. दाढी केली, डबा सायकलच्या कॅरिअरला लावला आणि निघाला. गेटला कुलूप होतं. बाहेर पाळीतले आठ-दहा जण उभे होते. कुणी म्हणत होतं, पाऊस पडला की सुरू होईल. कुणी म्हणत होतं, वीज तोडलीय. फिटरनं गजांमधून आत पाहिलं. आवारात एक कुत्रं ऐसपैस झोपलं होतं. इतक्या वर्षांत त्या जागी कुत्रं झोपलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं डबा तसाच बायकोच्या हातात दिला.

"थोडे दिवस बंद राहील," तो म्हणाला. "तोवर दुसरीकडं बघतो. माझ्यासारख्याला कामाला काय तोटा?"

बायको नर्सरीत जायच्या घाईत होती. तिथं दिवसभर उकिडवं बसून ट्रेमध्ये रोपं लावायची, असं तिचं काम. गुडघे धरले होते, नखांत काळी माती कायमची बसली होती. तिनं डबा ओट्यावर ठेवला. "मग हाच दुपारी खा," म्हणाली आणि गेली.

फिटरचं नाव आता कुणाच्या ध्यानात नव्हतं. गल्लीत तो फिटर, दुकानात फिटर, बायकोला भेटणाऱ्या बाया तिला फिटरीण म्हणत. गिरणीत लागला तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं. त्या वेळी काम शोधायचं म्हणजे गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. सकाळी जॉबर बाहेर यायचा. खात्यावरचा मुख्य माणूस तोच, माणसं घेणारा आणि काढणाराही तोच. तो रांगेवरून नजर फिरवायचा, एखाद्याला म्हणायचा, "हात बघू." फिटर सलग कितीतरी दिवस उभा राहिला होता. एके दिवशी जॉबर वैतागून म्हणाला, "हा काही हलायचा नाही. घ्या रे याला आत." दुपारी तो साच्याखाली, म्हणजे सूत कातायच्या यंत्राखाली, पाठीवर झोपून ग्रीस लावत होता. कुणी शिक्षण विचारलं नाही की फोटो मागितला नाही. पुढं त्यानंच मेहुण्याला लावलं, शेजारच्याला लावलं. त्याच्या लेखी नोकरी ही अशी गोष्ट होती, पायानं चालत जाऊन आणायची.

म्हणून तर छकूचं त्याला काही कळत नसे. छकू त्याची एकुलती एक मुलगी. पदवी घेऊन घरात बसली होती आणि वर्षभर फोनवरून नोकरीला अर्ज करत होती. घरात रेंज येत नसे, म्हणून ती गच्चीच्या जिन्यावर शेवटच्या पायरीच्या आधी बसायची. खाली फिटर जेवायला बसला की तिकडं बघून म्हणायचा, "त्या डबड्यातून नोकरी पडणार असली तर आधी सांग बरं का. मी खाली पोतं धरून उभा राहतो."

बायको म्हणायची, "जेवा गुपचूप."

* * *

दुसऱ्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि नदीच्या पलीकडं, हमरस्त्याला लागून नवे कारखाने झाले होते तिकडं सायकल काढली. नदीत पाणी नव्हतंच. पात्रातून वारा यायचा तो तापलेल्या तव्यावरून आल्यासारखा. पोचेपर्यंत शर्टाची इस्त्री मोडली आणि कॉलर मानेला चिकटली.

पहिल्या कारखान्याचं गेट दोन माणसं उंच होतं. बाजूला काचेची खोली, आत पंख्याखाली पोरसवदा वॉचमन.

"काय पाहिजे काका?"

"काम पाहिजे. फिटर आहे, सूतगिरणीत होतो."

"ते मला सांगून काय उपयोग? तिकडं बोर्ड लावलाय बघा."

फिटर बोर्डाजवळ गेला. चौकोनात काळे-पांढरे ठिपके होते. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "यात लिहिलंय काय?"

"वाचायचं नसतं ते. फोन दाखवा त्याला."

फिटरनं खिशातून फोन काढला, बटणांचाच, आणि मुकाट्यानं बोर्डासमोर धरला. वॉचमन आधी बघत राहिला, मग इतका हसला की त्याला ठसका लागला. आत मालाची गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर पण खिडकीतून वाकून हसू लागला. फिटरनं फोन खिशात टाकला.

"साहेबांना दोन मिनिटं भेटू दे," तो म्हणाला. "साहेब हो म्हणतील नाहीतर नाही म्हणतील. तुझं काय जातंय?"

"अहो काका, साहेब इथं नसतात."

"मग कुठं असतात?"

वॉचमन हसायचा थांबला. "मला तरी कुठं ठाऊक? मला एजन्सीनं पाठवलंय. मी पण त्यांना बघितलेलं नाही." मग त्यानं बाटली पुढं केली. "पाणी प्या. ऊन लागेल."

फिटर पाणी प्यायला. दुसऱ्या गेटवर तर माणूसच नव्हता. भिंतीत एक डबी होती, तिच्यावर लाल दिवा. बटण दाबल्यावर डबी खरखरली. फिटरनं सवयीनं हात जोडले आणि डबीला आपली सगळी हकिगत सांगितली, किती वर्षं कुठल्या खात्यात काम केलं ते सगळं. डबी म्हणाली, "पार्सल असेल तर बाहेर ठेवून जा."

तिसऱ्या ठिकाणी हेल्मेट घातलेला एक जण आपण होऊन थांबला. आस्थेनं बोलला. वय विचारलं. फिटरनं दोन-तीन वर्षं चोरून सांगितलं, तरी त्या माणसानं मान हलवली. "तरणी माणसं मागतात हो वरून. नाही तर मी तुम्हाला घेतलं असतं." फिटरला वाटलं, निदान हा नाही म्हणाला. परत येताना सायकलची चेन उतरली. ती चढवताना इस्त्रीच्या शर्टाला वंगणाचा डाग पडला, तेवढंच त्या दिवशी ओळखीचं घडलं.

* * *

दोन दिवस घरात काढून तो जॉबरकडं गेला. जॉबर आता ओसरीत खाटेवर पडून असायचा. पाय सुजून खांबासारखे झाले होते. एके काळी हा माणूस बाजारातून चालला की दुकानदार उठून उभे राहत, कारण कुणाचा ना कुणाचा पोरगा त्याच्या हाताखाली लागायचा असे.

"फिटर!" जॉबरनं चालीवरून ओळखलं. "ये. बंद पडली ना रे गिरणी?"

"पडली. तुम्हाला कुठं सांगता आलं तर बघा. तुमच्या शब्दाला मान आहे."

जॉबरला बरं वाटलं. तो उठून बसला, सुनेकडून फोन मागवला. नंबर त्याच्या तोंडात होते. पहिला लावला. फोनमधली बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. "चुकून लागला असेल," म्हणत त्यानं पुन्हा लावला. तेच. दुसरा नंबर पलीकडच्या तालुक्यातल्या गिरणीच्या मॅनेजरचा. फोन मुलानं उचलला. जॉबर मोठ्यानं म्हणाला, "अरे बाबांना दे, म्हणावं जॉबर बोलतोय," आणि मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

"कधी?" त्यानं विचारलं. "बरं. बरं बाळा."

फोन त्यानं मांडीवर ठेवला. ओसरीत माशा घोंगावत होत्या. तिसरा नंबर त्यानं लावलाच नाही.

"माझी माणसंच संपली रे," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, सून आत आहे ना हे बघत, "ते जाऊ दे. तुझी पोरगी शिकलेली आहे ना? फोनवरून नोकऱ्या शोधते म्हणे. आमच्या सुनेचं कुठं होतंय का, विचार ना तिला."

फिटर म्हणाला, "विचारतो." आणखी काय म्हणणार?

* * *

संध्याकाळी तो ओट्याशी घुटमळत राहिला. बायको रोपांच्या मातीनं भरलेले हात घासत होती.

"तिला म्हण," तो हळूच म्हणाला, "माझं पण टाक म्हणावं त्यात."

"ती काय परदेशात आहे? ती बघा, जिन्यावर बसलीय. तुम्हीच म्हणा."

फिटर जिन्याच्या चार पायऱ्या चढला. खाकरला. छकूनं वर पाहिलं नाही, पण सरकून जागा केली.

"बसा बाबा. आईचं ऐकू आलं मला."

ती एका शब्दानंही टोचून बोलली नाही. पोत्याचा विषयही काढला नाही. उलट त्याला भिंतीपाशी उभं करून फोटो काढू लागली. फिटर फोटोला कडक उभा राहिला, छाती फुगवून, श्वास धरून. "बाबा, श्वास सोडा. पोलीस पकडायला आल्यासारखे दिसताय." मग ती विचारत गेली आणि बोटानं टिचक्या मारत गेली.

"काय काय येतं तुम्हाला?"

"सगळं येतं."

"सगळं असं लिहिता येत नाही. त्यांनी दिलेल्यातलं निवडावं लागतं."

"मग वाच."

ती वाचू लागली. कॉम्प्युटर, संवादकौशल्य, विक्री, टीमवर्क, वाहन चालवणं. फिटर मान तिरकी करून ऐकत होता.

"साचा बिघडला तर उघडून दुरुस्त करणं, हे कुठं आहे?"

"ते नाहीये."

"मग माझं काय आहे त्यात?"

छकूनं बोट खाली खाली नेलं. "‘इतर’ आहे," ती म्हणाली.

"टाक," फिटर म्हणाला.

* * *

तोवर हातावर हात धरून बसणं परवडण्यासारखं नव्हतं. खालच्या आळीतल्या एकाची विहीर आटली होती, तिच्यातला गाळ काढायचं काम निघालं. फिटर तिकडं जाऊ लागला. कमरेइतक्या काळ्या चिखलात उभं राहून टोपल्या भरायच्या आणि वरचे ओढून घेणार. पहिल्या दिवशीच खांदा भरून आला. तरणे गडी एकमेकांना डोळा मारत, पण कामाला वाघ आहे हे मानत.

अशात एका दुपारी फोन वाजला. तो त्यानं वर दगडावर सदऱ्यात गुंडाळून ठेवला होता. फिटर दोर धरून घाईनं वर आला. चिखलाचे हात सदऱ्याला पुसले आणि फोन दोन बोटांत धरला.

"नमस्कार," पलीकडून गोड आवाज आला. "आपण नोकरीच्या शोधात आहात का?"

"होय बाईसाहेब," फिटर ताठ उभा राहिला. "फिटर बोलतोय. सूतगिरणीत होतो."

"होय असल्यास एक दाबा."

"होय म्हणालो ना बाईसाहेब. आत्ता येऊ का? कुठं यायचं?"

"आपला प्रतिसाद मिळाला नाही. होय असल्यास एक दाबा."

"अहो, ऐकू येतंय का? मी होयच म्हणतोय. बाईसाहेब!"

विहिरीतले सगळे टोपल्या ठेवून वर बघत होते. फोन कट झाला. फिटरनं त्याच नंबरवर उलटा लावला, तो लागेना. खालून एक जण ओरडला, "फिटर, बाईसाहेबांना चहाला बोलवायचं होतं ना!" आणि ओल्या विहिरीत हसण्याचा केवढा तरी आवाज घुमला. फिटरही हसला. हसावंच लागलं. मग पुन्हा दोर धरून खाली उतरला आणि कुणाकडं न बघता टोपल्या भरू लागला.

त्या संध्याकाळी त्यानं फोन छकूच्या पुढ्यात आपटला. "काढून टाक माझं नाव त्यातून! माणसाची चेष्टा चालवलीय काय? यंत्राला बाईसाहेब, बाईसाहेब करत उभा होतो मी, चार माणसांत!"

छकूनं फोन उचलून काच फुटली नाही ना ते पाहिलं.

"मला रोज येतात असे," ती म्हणाली. "पहिल्यांदा आला तेव्हा मी पण येस मॅडम, येस मॅडम करत होते. बसमध्ये."

नंतर जेवताना फिटर एकदम म्हणाला, "बसमध्ये?"

"भरल्या बसमध्ये."

बायकोला हसू आवरेना. मग तिघंही हसली.

* * *

पुढच्या आठवड्यात छकूला मुलाखतीचं बोलावणं आलं. जायचं नव्हतं कुठं, फोनवरच मुलाखत होती, तोंड दिसणारी. गच्चीवर ऊन होतं म्हणून वरच्या पायरीवर स्टूल ठेवलं, त्यावर डबे रचून फोन टेकवला. मागं आईची चादर टांगली. छकूनं चांगला कुर्ता घातला, केस चापून बसवले. खाली घरातलीच विटकी पँट आणि अनवाणी पाय.

"आवाज नको हं बाबा," ती म्हणाली. "बाहेरचा आवाज गेला की त्यांना वाटतं हे काय गावंढळ."

"तू बस. रस्त्याचं मी बघतो."

आणि फिटर खरंच रस्त्यावर जाऊन उभा राहिला. समोर पिठाची गिरणी घरघरत होती. त्यानं आत जाऊन सांगितलं, "थोडा वेळ पट्टा सोड रे, पोरीची मुलाखत आहे." पिठाच्या गिरणीवाला भला माणूस, त्यानं बंद केली. प्लास्टिकच्या बादल्या विकणारा भोंगा लावून येत होता, त्याला फिटरनं वळणावरच हात जोडून मागं फिरवलं. पोरं खेळत होती, त्यांना पिटाळलं. तेवढ्यात शेजारणीची शेळी दावं तोडून आली आणि बरोबर जिन्याखाली उभी राहून बँ बँ करू लागली. फिटरनं धावत जाऊन तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. तसाच तो भर उन्हात गुडघ्यावर बसून राहिला, शेळी त्याच्या छातीवर ढुसण्या मारतेय आणि वरून छकूचा आवाज येतोय. तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. धुऊन, घडी घालून ठेवल्यासारखा होता. मधूनच ती हसत होती, तेही तसंच.

फार वेळ लागला नाही. ती खाली आली.

"काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

"मग झालं की काम!" फिटरनं शेळी सोडली.

"बाबा, कळवतो म्हणजे नाही."

"असं कसं? बाई होती की बाप्या? चेहऱ्यावरून काय वाटलं?"

"चेहरा दिसलाच नाही. त्यांनी आपला कॅमेरा बंद ठेवला होता." ती पायरीवर बसली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली. "नाही सुद्धा म्हणत नाहीत बाबा. वर्ष झालं. एकानं तरी नाही म्हणावं."

फिटर तिच्याशेजारी टेकला. शर्टावर शेळीची लाळ होती. "जॉबर तोंडावर हाकलायचा," तो म्हणाला. "शिव्या द्यायचा. पण मग आम्ही पण कोपऱ्यावर जाऊन त्याला शिव्या घालायचो. मन हलकं व्हायचं."

"मी कुणाला घालू?"

फिटर शर्टावरची लाळ पुसू लागला.

"मी तुमच्यावर रागवायचे," छकू म्हणाली. "तुम्ही समोर असायचात ना. तुम्ही ते पोतं म्हणालात की वाटायचं, फोन तुमच्या ताटात फेकावा."

"मग फेकायचा होतास," फिटर म्हणाला. "मला काय ठाऊक गं."

त्या कंपनीकडून पुढं काही कळलं नाही.

* * *

विहिरीचं काम संपलं आणि ऊन आणखी चढलं. गल्लीत पाण्याचा टँकर दिवसाआड येऊ लागला. अशा एका दुपारी दारात जीप थांबली. जाडजूड, घामाघूम माणूस उतरला, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"गिरणीतला फिटर इथंच राहतो ना? चौकात विचारलं तर सगळ्यांनी हेच घर दाखवलं."

फिटर धडपडत उठला. कुणीतरी त्याला विचारत घर शोधत आलं होतं. "मीच. बसा साहेब. छकू, पाणी आण."

"साहेब नाही हो, ठेकेदार आहे मी. गिरणीची मशिनरी घेतलीय आम्ही लिलावात. उघडून विकायचीय. माझी माणसं गॅसनं कापायला बघतात, पण कापलं की भंगाराचा भाव. नीट उघडणारा माणूस पाहिजे."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली छकू दारातच थांबली. फिटर ठेकेदाराच्या तोंडाकडं बघत होता.

"म्हणजे गिरणी सुरू होणार नाही?"

"कुठली गिरणी?" ठेकेदार म्हणाला. "जागेवर गोदाम होणार आहे."

फिटर खाली बसला. हाताच्या तळव्यांकडं बघत राहिला. नर्सरीला सुट्टी म्हणून घरीच असलेली बायको आतून येऊन त्याच्या मागं उभी राहिली. ठेकेदारानं पाणी पिऊन तांब्या ठेवला, तोंड पुसलं, वाट बघितली.

"उघडतो," फिटर शेवटी म्हणाला. "दुसऱ्या कुणी उघडण्यापेक्षा मीच उघडतो."

ठेकेदार उठता उठता कुरकुरला, की गिऱ्हाइकं कुठं कुठं पसरलेली असतात, त्यांना प्रत्येक भागाचे फोटो लागतात, माहिती लागते, फोनवर लगेच उत्तर लागतं. ते करणारा पोरगा मध्येच सोडून गेला.

"माझी मुलगी आहे," फिटर म्हणाला. "तिला येतं."

ठेकेदारानं छकूकडं पाहिलं. "मुलीची जात, तिथं धूळ, ग्रीस, हमाल लोक..."

"मी असेन ना तिथं. दोन दिवस बघा. नाही जमलं तर नाही म्हणा, इथं तोंडावर."

जीप गेल्यावर छकू म्हणाली, "बाबा, शिकून मी भंगारात जाऊ?"

"मी काय सोन्यात चाललोय?" फिटर म्हणाला.

* * *

गिरणीच्या खात्यात पाऊल टाकल्यावर फिटरला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. इथं कायम ओरडून बोलावं लागे. आता कबुतरांच्या पंखांचा आवाज येत होता. साच्यांवर सरकीच्या रंगाची धूळ बसली होती आणि तुटलेले धागे तसेच लोंबत होते. छकू दारात उभी राहून नाकाला रुमाल लावत होती.

"एवढं मोठं?" ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

पहिला बोल्ट हलेना. फिटरनं रॉकेल ओतलं, मुरू दिलं, मग पाना लावून सगळं अंग त्यावर टाकलं. खांद्यातून कळ आली. बोल्ट किंचाळल्यासारखा फिरला. ज्या बोल्टांना त्यानं वर्षानुवर्षं आवळत ठेवलं होतं तेच आता एकेक करून सोडायचे होते. सकाळी सकाळी त्याचा हात जड व्हायचा. दुपारपर्यंत मात्र कामच डोक्यात राहायचं आणि तो नकळत शीळ घालू लागायचा. मग आपण काय करतोय हे आठवून थांबायचा.

छकू पहिले दोन दिवस बिचकत होती. प्रत्येक भागाला खडूनं खूण करायची, फोटो काढायची, बाबांना नाव विचारायची, तेही हळू आवाजात. तिसऱ्या दिवशी हमालांनी एका साच्याचे भाग दुसऱ्यात मिसळले आणि ती कडाडली. केवढा आवाज निघाला तिचा त्या रिकाम्या खात्यात! हमाल जागच्या जागी थिजले. फिटर साच्याखाली पाठीवर झोपला होता, तिथंच हसला. गिऱ्हाइकांचे फोन यायचे, ती एका हातानं खडू चालवत दुसऱ्या हातात फोन धरून बोलायची. "नाही हो दादा, गंज नाहीये, सावली पडलीय ती. पुन्हा काढून पाठवते." तिच्या आवाजाला कुठं घडी नव्हती. गालाला ग्रीस लागलेलं असायचं. डबा खायला दोघं खिडकीखाली बसत.

"तो ठेकेदार मला ताई म्हणायला लागलाय," ती म्हणाली एकदा.

"आणि मला?"

"तुम्हाला अजून फिटरच."

ऐन उन्हाळ्याचे ते दिवस कसे गेले कळलं नाही. घरी जाताना सायकलवर मागं छकू बसायची. चढाला उतरून ढकलायची.

खातं रिकामं झालं. जमिनीवर फक्त साच्यांच्या पायांचे चौकोन उरले. शेवटची गाडी भरत होती तेव्हा फिटर चिंध्यांनी पाने पुसत बसला होता आणि ठेकेदार गाडीच्या बॉनेटवर हात टेकून छकूशी बोलत होता. फिटरला सगळं ऐकू येत होतं. पुढची गिरणी लांब होती, पार दुसऱ्या टोकाला. त्यानंतर आणखी एक. ठेकेदाराची बहीण तिकडं असते, तिच्याकडं राहायची सोय. कायमचं काम, महिन्याच्या महिन्याला पगार. "ताई, तुमच्यासारखं माणूस मला मिळालेलं नाही," तो म्हणत होता.

फिटर पाना हातात घेऊनच उठला. बोलायचं नव्हतं, पण बोलून गेला.

"आणि माझं काय शेठ?"

ठेकेदारानं किल्ल्यांचा जुडगा या बोटावरून त्या बोटावर घेतला. गाडीच्या टायरकडं पाहिलं. "बघू ना," तो म्हणाला. "कळवतो."

छकूचा चेहरा उतरला. बापानं तिच्याकडं पाहिलं आणि त्याला कळलं, आपण विचारायला नको होतं. विशेषतः तिच्यासमोर.

"बाबा आले तर मी येते," ती म्हणाली.

"अहो ताई, उघडणारी माणसं जिथली तिथं मिळतात. त्यांना एवढ्या लांब न्यायचं..."

"मग राहू द्या. मी पण नाही येत."

ठेकेदार गोंधळला. हमाल दोर बांधता बांधता थांबले. फिटर एकदम मोठ्यानं हसला.

"अगं वेडी का काय तू? मी आपलं गमतीनं विचारलं. मला कुठं सवड आहे? पिठाच्या गिरणीवाल्यानं बोलावलंय मला. त्याला आणखी एक चक्की टाकायचीय, बसवायला मीच पाहिजे म्हणतो."

"कधी बोलावलं?"

"परवा. सांगायचं राहून गेलं."

"खरं?"

"मग काय खोटं सांगतोय? आणि आईचे गुडघे असे, घरी कुणीतरी नको?" तो ठेकेदाराकडं वळला. "घेऊन जा शेठ हिला. रागीट आहे, सांभाळून घ्या."

छकू त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं नजर हलवली नाही. यंत्राच्या पुढ्यात उभं राहावं तसा उभा राहिला.

ती गेली त्या सकाळी बायकोनं नर्सरीला खाडा केला. पिशवीत काय काय कोंबत राहिली. जीप वळणावरून दिसेनाशी झाली तरी दोघं दारात उभी होती. मग बायको आत जाऊन रिकामे हंडे घेऊन आली, टँकरची वेळ झाली होती.

"पिठाच्या गिरणीवाल्यानं बोलावलंय म्हणे तुम्हाला?"

"कोण म्हणालं?"

"छकू. सांगताना डोळे पुसत होती." तिनं हंडे खाली ठेवले. "त्या बिचाऱ्याचा दिवसभर पट्टा फिरत नाही हल्ली. तो कुणाला बोलावतोय?"

फिटर उंबऱ्यावर बसला. तीही शेजारी बसली, एक पाय लांब करून गुडघा चोळत.

"तिला कळलंय का?" त्यानं विचारलं.

"कळल्याशिवाय रडत होती?"

"तरी गेली."

"गेली. बरं झालं." बायकोनं लांब केलेला पाय जवळ घेतला. "नर्सरीतल्या बाईंना विचारू का? ट्रे उचलून गाडीत भरायला कुणी तरी हवंय म्हणत होत्या. बायांना जड होतात."

"पुरुष माणूस घेतात?"

"आजवर नाही घेतला. विचारून बघते."

फिटरनं समोरच्या बंद पिठाच्या गिरणीकडं पाहिलं, मग वर जिन्याकडं, मग आपल्या पायांकडं.

"विचार," तो म्हणाला.

त्यानं तिच्या पुढ्यातले दोन्ही हंडे उचलले आणि चौकाकडं निघाला. टँकरपाशी सगळ्या बायाच होत्या, भांडत, ढकलत. त्याला बघून त्या थोड्या गप्प झाल्या. एकीनं विचारलं, "फिटर, आज तुम्ही?"

"आज मी," तो म्हणाला, आणि हंडे रांगेत शेवटी ठेवून उभा राहिला.